सगळी वाइन एकाच आयातदाराकडे असेल तर दुसरा देश कसा निवडावा

दुबईच्या एकाच आयातदाराकडे सगळा माल, त्याने ऑर्डर थांबवली, म्हणून आता जर्मनी, जपान, अमेरिका सगळीकडे एकदम मेल टाकायचे, असं तुम्ही लिहिलंय. नाशिकच्या दिंडोरी पट्ट्यातल्या छोट्या वाइनऱ्या याच फेऱ्यात सापडतात. एकच बाजार बंद झाला की काय होतं बघा: चीनने 2021 मध्ये ऑस्ट्रेलियन वाइनवर 218 टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, ते मार्च 2024 मध्ये उठलं. तेवढा काळ तग धरणं लहान वाइनरीला शक्य नाही, त्यामुळे तुमची घाई समजते. पण पाच देश एकदम नकोत.

अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी, एक्साइजचे कागद तुमच्याकडे आहेतच असं धरतो.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो युरोपियन युनियनच्या व्हीआय-1 मध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वाइनसोबत लागणाऱ्या कागदात. त्यात एक प्रमाणपत्र आणि एक प्रयोगशाळेचा अहवाल. घाईत नमुना टाकीतून काढला जातो. मग बॉटलिंगआधी वाइन टिकवणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा शेवटचा डोस पडतो, कधी शेजारच्या टाकीतली वाइन मिसळते, आणि अहवाल एका वाइनचा, बाटलीत दुसरी. तिकडे एकूण सल्फर डायऑक्साइड जास्त निघाला की माल बंदरात पडून आणि भाडं तुमच्या माथी. साखर लिटरला 5 ग्रॅमच्या आत असेल तर मर्यादा रेडला 150 मिलिग्रॅम, व्हाइट-रोझेला 200. साखर 5 किंवा जास्त असेल तर दोन्हीकडे 50 वाढवून. शेनिन ही व्हाइट वाइन किंचित गोड ठेवत असाल तर आधी साखर मोजा. नमुना सीलबंद बाटलीचाच द्या. लॉट नंबर बाटली, खोका, इनव्हॉइस, व्हीआय-1 सगळीकडे अक्षरन् अक्षर तोच हवा. एका कार्यालयातून, नाव घेत नाही, नुसत्या डॅशच्या फरकावरून फाइल परत येते आणि चूक कुठे ते कोणी लिहून देत नाही. निर्यात वाढवा म्हणायचं आणि अडवायचं, याचा खरंच संताप येतो.

सीलबंद, लेबल लावलेल्या बाटल्यांची एकूण 100 लिटरपर्यंतची खेप व्हीआय-1 शिवाय जाते. 750 मिलिच्या बारा बाटल्यांचा खोका म्हणजे 9 लिटर, म्हणून आयातदारांना चाखवायला 11 खोके.

माझं मत: ब्रिटन आधी. तिथे 2022 पासून व्हीआय-1 लागत नाही. मग युरोप, अमेरिका शेवटी, कारण तिथे लेबलची आगाऊ मंजुरी लागते आणि आयातदार, वितरक, दुकानदार अशा तीन पायऱ्यांत मार्जिन संपतं. मागचं लेबल देशागणिक वेगळं ठेवा. युरोपसाठी ऊर्जेचा आकडा लेबलवरच लागतो, घटक क्यूआर कोडने चालतात. आयातदाराची लेखी संमती येईपर्यंत छपाई नको. मी कस्टम एजंट नाही, नियम बदलतात, तुमच्या सीएचएला, म्हणजे कस्टम एजंटला, विचारून घ्या.

आपली नवी सॉव्हिन्यों ब्लाँ मे महिन्यात तयार असते, युरोपचा उन्हाळा गाठते, ही आपली जमेची बाजू. पण त्याच महिन्यात न्हावाशेव्याला साधा कंटेनर उन्हात तापतो, बूच वर सरकतं, बाटली गळते. रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, महाग पडला तरी घ्या, तापमान 14 अंशांच्या आसपास ठेवायला लेखी सांगा आणि आत तापमान नोंदवणारा डेटा लॉगर टाका, म्हणजे दावा करायची वेळ आली तर हातात पुरावा राहील.