सूझा परदेशी गेल्यावरच आधुनिक चित्रकार झाले का?

नाही. आमच्या गोव्यातल्या साळगावात १९२४ साली जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा लंडनला गेले १९४९मध्ये. त्याआधीच, १९४७ साली, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे या कलावंतांसोबत त्यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलेचा गट काढला होता. लंडनने नाव दिलं, तेही १९५५च्या गॅलरी वन या कलादालनातल्या प्रदर्शनानंतर. जाड काळी रेघ, कपाळात चढलेले डोळे, खिळे ठोकलेला ख्रिस्त, हे सगळं मला तरी गोव्याच्या चर्चमधूनच आलेलं दिसतं, पिकासोचा प्रभाव नंतरचा. साठच्या दशकातली काळ्यावर काळी चित्रं मात्र तिकडचीच. त्यात तिरक्या उजेडात रंगाचे उंचवटे चमकले तरच चेहरा सापडतो. १९६७नंतर न्यूयॉर्कला राहून मासिकांच्या छापील पानांवर रसायन लावून केलेली चित्रंही परदेशातलीच.