सोलापूरहून न्यू जर्सीला येणाऱ्या रंगकाम कंत्राटदारास

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. सोलापुरात पंधरा वर्षे रंगकामाची कंत्राटे घेतल्यावर आता बहिणीने केलेल्या अर्जावरचा व्हिसा शेवटच्या टप्प्यात आला आहे, पत्नी आणि दोन मुलांसह न्यू जर्सीत येऊन हाच व्यवसाय करायचा आहे, आणि एक एजंट ‘अमेरिकेचे लेड पेंटचे सर्टिफिकेट’ तिथेच घरबसल्या काढून देतो म्हणून साठ हजार रुपये मागतो आहे, ते द्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे. देऊ नयेत. मी इथे एका रंगकाम कंत्राटदाराकडे सुरक्षा आणि नोंदींचे काम पाहते, त्यामुळे या कागदांशी माझा रोजचा संबंध आहे.

मुळात हे प्रमाणपत्र ज्या नियमातून येते तो असा. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर 1978 साली बंदी आली, परंतु त्याआधी बांधलेल्या घरांच्या भिंती, दारे आणि खिडक्यांवर तो रंग अजून आहे. पर्यावरण संरक्षण संस्था, जिला इथे सगळे ईपीए म्हणतात, तिचा दुरुस्ती आणि रंगकामाचा नियम, म्हणजे आरआरपी, एप्रिल 2010 पासून लागू झाला. 1978 पूर्वीच्या घरात, किंवा सहा वर्षांखालील मुले नियमित येतात अशा तितक्याच जुन्या, पाळणाघरासारख्या जागेत, मोबदला घेऊन काम करायचे असेल आणि त्यात आतल्या बाजूस एका खोलीत 6 चौरस फुटांपेक्षा जास्त किंवा बाहेर 20 चौरस फुटांपेक्षा जास्त रंगवलेला पृष्ठभाग उकरला जाणार असेल, तर हा नियम लागतो. सहा चौरस फूट म्हणजे दोन बाय तीनचा तुकडा. एका दाराची एक बाजू घासली तरी तुम्ही मर्यादेबाहेर जाता. जुनी खिडकी काढून नवी बसवायची असेल तर मोजमापाची सवलतच नाही.

यात कागद दोन आहेत आणि एजंट ते मुद्दाम एकच असल्यासारखे सांगतात. एक व्यक्तीचा: मान्यताप्राप्त संस्थेत आठ तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा. या आठ तासांतले दोन तास प्रत्यक्ष हाताने करून दाखवण्याचे असतात, आणि म्हणूनच पहिल्यांदा घेणाऱ्याला ते पूर्णपणे संगणकावर बसून मिळत नाही. व्याख्यानाचा भाग ऑनलाइन देणाऱ्या संस्था आहेत, पण प्लॅस्टिक लावणे आणि सफाई तपासणे प्रशिक्षकासमोरच करावे लागते. दुसरा कागद फर्मचा: तुम्ही एकटेच काम करत असलात तरी तुमच्या व्यवसायाला ईपीएकडून वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याचे शुल्क 300 डॉलर आहे आणि ते पाच वर्षे चालते. व्यक्तीचे आहे पण फर्मचे नाही, अशा अवस्थेत काम घेतले तर नियमभंगच होतो. तुमच्या हाताखालच्या माणसांनी मात्र वर्गात बसण्याची सक्ती नाही. प्रमाणित व्यक्तीने त्यांना कामावर शिकवले आणि त्याची नोंद ठेवली की पुरते. पत्नीला धंद्यात सोबत घ्यायचे म्हणता, तर तिची सुरुवात या वाटेने होऊ शकते.

न्यू जर्सीत आरआरपी थेट ईपीए राबवते. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, नॉर्थ कॅरोलिना अशी काही राज्ये तो स्वतः राबवतात, तेव्हा राज्याची हद्द ओलांडून काम घेण्याआधी तिथल्या खात्याकडे चौकशी करावी. याशिवाय न्यू जर्सीत घरदुरुस्तीचा कंत्राटदार म्हणून राज्याकडे नोंदणी आणि विमा लागतो. तुमच्या पंधरा वर्षांच्या अनुभवाची आरआरपीला सवलत नाही, नवख्याला आणि तुम्हाला तेच आठ तास. पण पुढे कधी कॅलिफोर्नियाला गेलात तर तिथल्या रंगकामाच्या लायसन्ससाठी गेल्या 10 वर्षांतला किमान 4 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून मोठ्या कामांची पत्रे, बिले आणि जीएसटीचे कागद सोबत आणा.

हे सगळे कागदापुरते झाले, आणि खरे सांगायचे तर कागद हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते हाताचे वळण बदलणे. आपल्याकडचा रंगारी जुने दार हातात घेतले की पत्र्याने खरवडतो, कोरड्या पॉलिश पेपरने घासतो, रंग फारच चिवट असेल तर ब्लो लॅम्प लावतो, तोंडाला रुमाल बांधतो आणि संध्याकाळी खराट्याने धूळ झाडून मोकळा होतो. यातले जवळजवळ प्रत्येक पाऊल इथे चुकीचे ठरते. ज्योत लावून रंग जाळण्यास मनाई आहे, हीट गनला 1100 अंश फॅरनहाइटची मर्यादा आहे, आणि यंत्राने घासायचे तर त्याला हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीचा, व्हॅक्यूम जोडलेला हवा. हाताने घासताना पृष्ठभाग पाण्याने भिजवून घ्यावा, म्हणजे धूळ उडत नाही. (नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला दार घासायला पाणी वापरणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे.) आत काम असेल तर चारी बाजूंनी किमान सहा फूट आणि बाहेर असेल तर दहा फूट प्लॅस्टिक अंथरावे लागते, दारांवर प्लॅस्टिकचे पडदे लावावे लागतात, सूचनेची पाटी लावावी लागते, आणि त्याआधी घरमालकाला ईपीएची पुस्तिका देऊन पोच घ्यावी लागते. ती पोच आणि बाकीच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात.

सफाई कशी तपासतात ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण तिथेच अडतात. व्हॅक्यूम आणि ओल्या पोछ्याने सफाई झाल्यावर प्रमाणित व्यक्ती पांढरे ओले फडके घेऊन प्रत्येक खिडकीची पट्टी आणि जमीन पुसते. जमिनीच्या जास्तीत जास्त 40 चौरस फुटांना एक फडके. मग ते फडके ईपीएच्या छापील कार्डाशेजारी धरून पाहायचे. कार्डावरील छटेपेक्षा काळपट असेल तर तेवढा भाग पुन्हा साफ करायचा आणि नवे फडके फिरवायचे. तेही काळपट आले, तर किमान तासभर, आणि जागा तोवर वाळली नसेल तर ती वाळेपर्यंत, थांबायचे आणि धूळ ओढून घेणाऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचे. घरमालक मागे उभा राहून घाई करत असतो तेव्हा हा तास फार लांब वाटतो, पण तो टाळू नये.

ही काटेकोरपणाची हौस नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या हातातून तोंडात जाते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि तिची सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही. दंड दर दिवशी दर उल्लंघनामागे हजारो डॉलरांचा असू शकतो. होम डेपोसारख्या, घरदुरुस्तीचे सामान विकणाऱ्या बड्या कंपनीला, तिने नेमलेल्या काही कंत्राटदारांकडे प्रमाणपत्र नसल्याच्या प्रकरणात, 2020 साली 2 कोटी 7 लाख 50 हजार डॉलरांचा दंड मान्य करावा लागला. तेव्हापासून मोठे लोक पोटकंत्राट देताना आधी कागद मागतात, आणि तुमच्यासारख्या नव्या माणसाला हाच कागद काम मिळवून देतो.

कामगारांच्या बाजूने ओशाचे, म्हणजे कामगारांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम आहेत. हवेतल्या शिशाची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम आहे. 30 च्या वर गेले की तपासण्यांची जबाबदारी कामगार ठेवणाऱ्या मालकावर येते. मास्क हा चेहऱ्यावर घट्ट बसणारा लागतो, त्याआधी वैद्यकीय तपासणी आणि मास्क बसतो की नाही याची चाचणी होते. दाढी असेल तर ती काढावी लागेल. कामाचे कपडे घरी नेऊ नका, मुलांच्या कपड्यांबरोबर तर धुऊच नका.

रसायनांबाबत एवढेच. प्रत्येक डब्याचे सोळा भागांचे सुरक्षा पत्रक कामावर हाताशी ठेवावे लागते, आणि ते कामगाराला समजेल अशा भाषेत शिकवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मिथिलीन क्लोराइडचा पेंट रिमूव्हर इथे शोधू नका: 2019 मध्ये त्याची किरकोळ ग्राहकांसाठीची विक्री बंद झाली आणि 2024 मध्ये बहुतेक सर्व वापरांवर बंदी आली, कारण बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफेने कामगार दगावले आहेत. अळशीच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेते.

सरावाला मात्र आतापासून सुरुवात करता येईल. आपल्याकडे घरगुती रंगातील शिसे दशलक्ष भागांत 90 वर आणणारे 2016 चे नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले, म्हणजे नवी पेठेतल्या वाड्याच्या दारावर त्याआधीचे पिवळे, केशरी आणि लाल ऑइल पेंटचे थर असू शकतात, आणि त्या रंगांचा भडकपणा बऱ्याचदा लेड क्रोमेट या शिसेयुक्त रंगद्रव्यामुळेच असे. ती दारे ओली करून घासा.

शेवटचा प्रश्न तुमच्या बहिणीच्या ओसरीचा. पोचल्याबरोबर ती रंगवून द्यायची इच्छा आहे, पैसे अर्थातच घेणार नाही, तर नियम आड येतो का, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही मोबदला घेत नसाल आणि घरातला कोणताही भाग भाड्याने दिलेला नसेल, तर आरआरपी लागत नाही. पण तुम्ही लिहिल्याप्रमाणे घर 1950 च्या दशकातले आहे आणि तुमची मुले तिथेच राहणार आहेत. तेव्हा आधी रंगाची एक खपली, खालच्या लाकडापर्यंतचे सगळे थर येतील अशी काढून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायला बहिणीला सांगा, आणि अहवाल हाती येईपर्यंत ओसरीला खरवडायचा पत्रा लावू नका.