मागचे शॉक बदलले की गाडी मऊ होत्या काय? वाचकांचे गाडीचे प्रश्न

या खेपेला पिकअपवाल्यांची पत्रं जास्त आलीत. पावसाळा सरत आला की दरवर्षी असंच होतं, रस्ते उखडलेले असतात आणि सगळ्यांच्या कंबरा बोलायला लागतात. तीन पत्रं घेतोय. पहिल्याला जागा जास्त देतोय, कारण तोच प्रश्न इकडंतिकडं करून बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर): दादा, माझी बोलेरो पिकअप हाय, १.७ टनवाली. बेळगावातनं भाजी भरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत गोव्यात साखळीला जातो. जाताना भरलेली असत्या तवा काय वाटत नाही, पण परत येताना रिकामी असली की मागचं टोक नुसतं उडत्या, पाठ धरत्या. गेल्या वर्षी लोड जास्त होतोय म्हणून मागच्या स्प्रिंगला एक पाटा (एकावर एक रचलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांतली एक पट्टी) वाढवून घेतलाय. आता मागं हेवी ड्युटी गॅसचे शॉक ॲबसॉर्बर टाकूया म्हणतोय, गाडी कारसारखी चालेल काय? एकजण म्हणतो शॉक नको, दोन पाटे काढून टाक की. काय करू?

उत्तर: कारसारखी नाही चालणार, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पैसे घालवल्यावर आमच्या नावानं शिव्या नकोत.

वजन शॉक उचलत नाही दादा, वजन पाटे उचलतात. शॉकचं काम वेगळं. पाटा खड्ड्यात दबला की तो परत वर येणार आणि थांबणार नाही, झुलतच राहणार, ते झुलणं मारायचं काम शॉकचं. आत तेल भरलेलं असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह असतात, गाडी वरखाली झाली की तेल त्या भोकांतनं रेटलं जातं आणि त्या हालचालीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. म्हणून खराब रस्त्यावर शॉक गरम होतो, तो झालाच पाहिजे.

तर तुमची तक्रार नेमकी कुठली ते बघा, कारण 'उडत्या' या एका शब्दात लोक दोन वेगवेगळे त्रास सांगतात. स्पीडब्रेकरवरनं गेल्यावर मागचं टोक वर येऊन एकदा बसलं आणि गप्प झालं, पण बसताना कडक दणका दिला, तर तो शॉकचा दोष नाही, तो पाट्याचा आणि टायरमधल्या हवेचा. दणका फारसा नाही, पण टोक दोनतीनदा वरखाली नाचतंय, वळणावर खड्डा आला की मागची चाकं बाजूला सरकतात, तर शॉक गेलाय. अजून एक सोपी परीक्षा म्हणजे जांबोटी-कणकुंबीचा खराब पट्टा संपला की गाडी बाजूला लावायची, खाली वाकून दोन्ही शॉकच्या नळीजवळ हाताची मागची बाजू न्यायची, सायलेन्सरला मात्र हात लावू नका. एक गरम आणि एक थंड असेल तर थंडवाला काम करत नाही. दोन्ही थंड असतील तर दोघांनीही केव्हाच राजीनामा दिलाय.

तुमच्या गाडीत दोन्ही त्रास एकत्र असणार असं मला वाटतं, आणि कारण तुम्हीच लिहिलंय, तो वाढवलेला पाटा. मुळात कंपनीनं पाटे दिलेत ते १७०० किलोच्या हिशोबानं. रिकाम्या हौद्याचं वजन त्यांना जाणवतच नाही, ते दबतच नाहीत, मग रस्त्याचा प्रत्येक खड्डा सरळ चेसीवर आणि चेसीवरनं तुमच्या पाठीत. त्यात अजून एक पाटा घातला म्हणजे रिकामी गाडी अजून कडक झाली. आणि कडक पाटा जास्त जोरात उसळी मारतो, ती उसळी आवरायची ताकद जुन्या शॉकमध्ये नाही, म्हणून नाचणंही वाढलं. भरलेल्या गाडीत हे झाकून जातं, घाट चढून परत येताना उघडं पडतं.

म्हणून पहिलं काम, वाढवलेला पाटा काढा. कंपनीचे मात्र एकही काढू नका, त्या मित्राला सांगा की घाटात भरलेली गाडी एका कुशीवर कलली की कळेल दोन पाटे कशासाठी होते. लोड जास्त होतोय म्हणून पाटा घातलात हे मला समजतं, भाजीच्या धंद्यात मार्जिन किती असतं ते कोणाला माहीत नाही, पण पाटा वाढवला म्हणून ब्रेक, टायर आणि एक्सल वाढत नाहीत, चोर्ल्याचा उतार तर तुम्हाला रोजचा. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे.

पाटे उतरवलेच आहेत तर ते सगळे सुटे करून घासून घ्या. हे काम लोक टाळतात आणि मला त्याचं नवल वाटतं, कारण फरक सगळ्यात जास्त यातच पडतो. पाटा दबला की एकावर एक पाटे घसरले पाहिजेत. आपल्याकडं खानापूर भागात पाऊस आणि तांबडी माती मिळून पाट्यांच्या मध्ये असा गंज धरतो की चारपाच पाट्यांची एकच जाड पट्टी होऊन बसते. तारेच्या ब्रशनं घासा, टोकाला प्लास्टिकची पॅडं असतील आणि झिजली असतील तर नवी घाला, नसतील तर ग्रॅफाइट ग्रीस लावा. मागचा शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती कडी) हातानं हलतो का बघा, कारण दबल्यावर पाटा सरळ होतो म्हणजे लांब होतो, त्या लांबीला जागा शॅकल देतो. त्याच्या सांध्यातलं बुश जाम झालं की पाट्याला लांब व्हायला जागाच नाही. पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट परत आवळायचं विसरू नका, एकदा लगेच आणि एकदा दोनचार दिवस गाडी चालल्यावर.

हवा. बरेच पिकअपवाले सवयीनं लिहिलेल्यापेक्षा जास्त हवा मारतात, टायर दगड होतो. गाडीच्या पुस्तकात किंवा दाराच्या चौकटीवर आकडा असतो, भरलेल्या गाडीला तो पूर्ण ठेवा पण वर जाऊ नका. येताना रिकामी म्हणून साखळीत हवा सोडायची आणि बेळगावात परत भरायची हे रोजच्या धंद्यात कोण करणार, आणि एखाद दिवशी भरायचं राहिलं आणि लोड घेऊन घाट उतरलात तर टायर तापून फुटेल. त्या भानगडीत पडू नका.

एवढं सगळं करून नाचणं राहिलंच तर शॉक घ्या. हेवी ड्युटी म्हणजे मऊ असा समज कुठनं आला देव जाणे, हेवी ड्युटी म्हणजे उलट जास्त घट्ट, रिकाम्या गाडीत ते दणका वाढवतात. तुमच्या कामाला कंपनीच्या मापाचे साधे किंवा कमी दाबाचे गॅसचे दुहेरी नळीवाले (नळीच्या आत नळी असलेले) बास. त्यातल्या गॅसचा फायदा एवढाच की सारखं घुसळून तेलात फेस होत नाही, लांबच्या खराब रस्त्यावर शॉक शेवटपर्यंत काम करतो. बसवायच्या आधी शॉक उभा धरून पूर्ण ओढायचा, उलटा करून दाबायचा, परत उभा करून ओढायचा, असं चारपाच वेळा, मधला पोकळपणा जाईपर्यंत. फिटरला घाई असली की हेच राहतं, मग नवा शॉक पहिल्या दिवसापासून खडखडतो आणि दुकानदाराशी भांडण.

प्रश्न (निपाणी): आमची बोलेरो कॅम्पर आहे, मागं सीटवाली पिकअप, दुकानाचा माल आणि घरची माणसं दोन्ही तिच्यातनंच. मागचा डावा शॉक गळतोय. गॅरेजवाला म्हणतो एकच बदला, आणि दुसऱ्या गाडीचा स्वस्तातला मिळतोय तो बसतो म्हणे. मागं बसून मुलींना मळमळतं.

उत्तर: ताई, दोन्ही बदला. एक नवा आणि एक दमलेला असला की खड्ड्यात एक बाजू आवरते आणि दुसरी उसळते, गाडी तिरकी हलते, आणि त्या डुलण्यानं मळमळ वाढते. दुसऱ्या गाडीचा 'बसतो' म्हणजे फक्त शॉकच्या टोकाच्या भोकात बोल्ट जातो. पूर्ण दाबल्यावर लांबी किती आणि पूर्ण ओढल्यावर किती हे जुळलं पाहिजे, नाहीतर मोठ्या खड्ड्यात धक्का अडवणाऱ्या रबराच्या ठोकळ्याच्या आधी शॉकच आपटेल आणि आतनं फुटेल किंवा जिथं बसवलाय ती बैठक तोडेल. नुसतं धुळीचं तेलकट पुसट थर असेल तर घाबरू नका, ओघळ असेल तरच गळती.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, मागं सामान जवळजवळ नसतंच, सुट्टीला चोर्ला किंवा आंबोली. बाहेरचे महागडे मोनोट्यूब, ते पण बाहेरनं ॲडजस्ट होणारे, टाकू का? मागं कडक वाटते.

उत्तर: तुमच्याकडं पैसे घालण्यात अर्थ आहे, कारण लोड जवळजवळ बदलत नाही, त्या एका वजनाला जुळवून शॉक लावता येतो. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन मधल्या तरंगत्या पिस्टननं वेगळे ठेवलेले, उष्णता सरळ बाहेर जाते म्हणून वेगात खराब रस्ता संपेपर्यंत पकड सुटत नाही. पण पिस्टन त्याच बाहेरच्या नळीत फिरतो, दगड लागून नळीला पोचा पडला की शॉक संपला, दुहेरी नळीवाला तेवढा मार खाऊन चालतो. खडीच्या रस्त्यानं जात असाल तर गार्ड घ्या.

घेताना दुकानदाराला सरळ विचारा, ह्या शॉकच्या आतले व्हॉल्व्ह मागच्या किती किलोच्या हिशोबानं घट्ट-मऊ केलेत. बाहेरचे बरेच सेट मागं कायम तीनचारशे किलो सामान धरून केलेले असतात, तुमच्या रिकाम्या गाडीला ते अजून कडक लागतील. ॲडजस्टवाला घेतलात तर सगळ्यात मऊ क्लिकवरनं (ॲडजस्टच्या खटक्यावरनं) सुरुवात करा आणि नेहमीच्या एकाच रस्त्यावर एकेक क्लिक वाढवत जा, टोक एकदा वर येऊन बसायला लागलं की तिथंच थांबा. गाडीची उंची वाढवणारं किट त्याच्यासोबत गळ्यात मारतील, ते नको, कायद्यातही अडकता आणि गाडी वळणावर जास्त कलते.

शॉकच्या टोकाच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच शेवटचा पाना. लटकलेल्या अवस्थेत आवळलं तर रबर पहिल्यापासून पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि नवीन शॉक टाकूनही मागनं कुईकुई ऐकू येत राहते.