शारजातली नोकरी मध्येच सोडून घरी यायचं असेल तर

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. एप्रिलच्या सुरुवातीला शारजातल्या एका सीबीएसई शाळेत विज्ञान शिकवायला लागलात, करार दोन वर्षांचा. दिवाळीनंतर आर्णीकडे गावात बाबांना लकवा मारला. आई एकटी, वावरात कापूस फुटलेला, भाऊ पुण्यात. शाळा म्हणते तीन महिन्यांची नोटीस द्या, वर व्हिसाचा खर्चही भरा. एजंट म्हणतो, आयुष्यभराचा बॅन लागेल. आणि सोबतची मैत्रीण म्हणते, सुट्टी टाकून निघून जा, परत येऊच नको.

मी शारजा-अजमानकडे बरीच वर्षं शिकवलं, आता यवतमाळ जिल्ह्यातच असते. मला विचाराल तर या तिघांत मैत्रिणीचा सल्ला सर्वांत महागात पडणारा आहे. परवानगीशिवाय सलग ७ दिवसांहून जास्त गैरहजर राहिलात की शाळा तुम्हाला काढू शकते आणि काम सोडून पळाल्याची तक्रारही करू शकते. तशी नोंद झाली तर एक वर्ष तिथलं नवीन वर्क परमिट मिळत नाही. म्हणजे आयुष्यभराचं काही नाही, एजंट उगाच भेव दाखवतोय. पण त्याहून मोठं नुकसान अनुभव प्रमाणपत्राचं. पळून गेलेल्या शिक्षिकेला ते कोणती शाळा देईल? उद्या मस्कतला अर्ज करा की नागपूरला, पहिला प्रश्न त्याचाच येतो.

राजीनाम्याला मात्र कोणी अडवू शकत नाही. तिथला, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचा, सध्याचा कामगार कायदा २०२१ चा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेला. प्रोबेशन जास्तीत जास्त ६ महिने, ते तुमचं ऑक्टोबरातच संपलं. त्यानंतर नोटीस करारात लिहिली असेल तेवढी, पण ३० ते ९० दिवसांच्या आत. त्यामुळे शाळेचे तीन महिने कायद्यात बसतात. नोटीस न देता निघालात तर उरलेल्या दिवसांचा पगार भरून द्यावा लागतो. दोघांच्या संमतीने मुदत कमी करता येते. प्रिन्सिपल बरे असले तर बाबांचे दवाखान्याचे कागद दाखवून विचारा, पण जे ठरेल ते लेखी घ्या. व्हिसाच्या खर्चाचं म्हणाल, तर भरतीचा आणि नेमणुकीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला त्याच कायद्यात मनाई आहे. भांडू नका, फक्त लेखी मागणी द्या म्हणा. बहुतेक ती मागणी कागदावर येत नाही. पासपोर्ट शाळेने ठेवून घेतला असेल तर तोही त्यांना ठेवता येत नाही, मागून घ्या. परतीचं तिकीट मात्र आपलंच धरून चला.

आता खरं बोलते. यायचं की नाही, हे नोव्हेंबरात फोनवर ठरवू नका. डिसेंबरात हिवाळी सुट्टी आहे, परतीच्या तिकिटासह या आणि घर डोळ्यांनी बघा. फोनवर आत्या-मावश्या 'पोरीनं आता यावं' म्हणतात, त्यांतल्या किती जणी आठवड्यातून एक दिवस तुमच्या आईजवळ थांबतात, ते इथं आल्यावरच दिसेल. पुण्यातल्या भावाला कोणी नोकरी सोड म्हणत नाही, हेही लिहिता लिहिता सांगून टाकते. लग्न न झालेल्या मुलीची नोकरी आपल्याकडे सर्वांना सोडण्याजोगी वाटते. भावाला स्पष्ट विचारा: बाबांचे पहिले महिने तू गावात काढतोस की पैसे देतोस? दोन्ही नाही, हे उत्तर घेऊ नका.

लकव्यात पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जेवढं सावरतं, तेवढं पुढे सावरत नाही. म्हणून फिजिओथेरपी आत्ताच रोज व्हायला हवी. तपासणीला वर्ध्याकडचे सावंगी मेघे किंवा सेवाग्रामचे दवाखाने बरे, पण रोजचा व्यायाम घरी किंवा तालुक्याला. त्यासाठी उचलायला-बसवायला एक दणकट माणूस लागतो, आणि तो माणूस तुम्ही असायलाच पाहिजे असं नाही. गावातला एखादा पोरगा महिन्यानं लावला तर तुमच्या पगारातून सहज निघेल. रेशनकार्ड शोधून ठेवायला सांगा. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. भरती व्हायची वेळ आलीच तर तो दवाखाना योजनेत आहे ना, हे आधी विचारा.

माझा हिशेब असा आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जाऊन राजीनामा दिलात, तर तीन महिने एप्रिलच्या सुरुवातीला भरतात. वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते, २१ दिवसांचा मूळ पगार. एक दिवस जरी कमी पडला तर काहीच मिळत नाही, म्हणून शेवटची तारीख रुजू झालेल्या तारखेच्या पुढची पडेल अशी मोजून टाका. मुलांचं सत्रही मार्चमध्ये संपलेलं असतं, त्यामुळे शाळा कुरकुर कमी करते. आणि आपल्याकडे वावराचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. सालगडी, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, तेव्हाच ठरतो, मक्त्याने द्यायचं तर तेव्हाच बोलणी होतात. मार्चअखेरीस सोसायटीचं नवं-जुनं, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलणं, करायचं असतं. बाबांची सही होत नसेल तर सोसायटीच्या गटसचिवाला आत्ताच जाऊन विचारायला हवं. वेळेत भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत मिळते, थकलं की ती गेली. कापसाच्या वेचणीसाठी मात्र तुम्ही येऊन काही होणार नाही. बाया मिळत नाहीत, तिथं तुम्ही एकट्या किती वेचाल?

डिसेंबरात आल्यावर दिसलं की आईच्यानं होतच नाही, भावानं हात वर केलेत, तर एप्रिलची वाट बघू नका. तेव्हाही परत जाऊन राजीनामा देऊनच निघा, गावातून ईमेल टाकून नाही. ग्रॅच्युइटी गेली तरी चालेल. बिनपगारी रजा मिळत असेल तर तीही घ्या, शाळेच्या मर्जीवर असते. पण देशाबाहेर सलग सहा महिन्यांच्या वर राहिलात की व्हिसा बाद होतो.

बँकेचं विसरू नका. तिथं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड असेल तर शेवटचा हिशेब खात्यात पडला की बँक खातं गोठवू शकते. कार्ड आधी बंद करा, कर्ज फेडल्याचा दाखला घ्या. हिशेबाचे पैसे करार संपल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात, न घेतलेल्या रजेचे पैसे त्यात धरलेत का बघा. व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर 'सर्व देणी मिळाली' असं छापलेलं असतं, पैसे हाती येण्याआधी सही नको. कायमचं परतल्यावर इथल्या बँकेतलं एनआरई (परदेशात राहणाऱ्यांचं) खातं साधं करून घ्यावं लागतं.

इथल्या नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. तालुक्याच्या इंग्रजी शाळेचा महिन्याचा पगार तुमच्या तिथल्या आठवड्याच्या पगाराएवढाही नसतो. अनुदानित जागेचं स्वप्न असेल तर टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, आणि संस्थाचालकाकडची मुलाखत वेगळीच. खासगी शाळांची भरती मार्च-एप्रिलात सुरू होते, आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात. म्हणजे एप्रिलला आलात तरी उशीर झालेला नसेल.

तुमच्या करारातलं नोटिसीचं कलम नेमकं काय म्हणतं, आणि तिथं कर्ज आहे का, एवढं कळवा. त्यावर राजीनाम्याची तारीख ठरवून देते.