सूडपट म्हणावं तरी कशाकशाला?

प्रश्न असा आहे: ‘घरच्यांवर हल्ला होतो, पोलीस हात वर करतात आणि एरवी साधासुधा असलेला माणूस बंदूक घेऊन रस्त्यावर उतरतो, अशा चित्रपटांना आपण सरसकट सूडपट म्हणतो. ते बरोबर आहे का? असा कायदा हातात घेणाऱ्या, इंग्रजीतल्या व्हिजिलांटीला मराठीत काय म्हणावं? आणि लिहिताना सूडाचा की सुडाचा?’

सूडपट या शब्दाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. संतपट, तमाशापट, भयपट, चरित्रपट यांच्या पंगतीत तो बिनबोभाट बसतो, उच्चाराला सुटसुटीत आहे आणि कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तक्रार आहे ती ‘सरसकट’ला. प्रश्नात ज्या चित्रपटाचं वर्णन आहे तो सूडपट असेलच असं नाही. कित्येकदा नसतोच.

या जातीच्या चित्रपटांचा मूळपुरुष मानला जातो तो १९७४ सालचा ‘डेथ विश’ घ्या. चार्ल्स ब्रॉन्सनने रंगवलेला पॉल कर्सी हा न्यूयॉर्कमधला वास्तुविशारद. कोरियन युद्धाच्या वेळी त्याने शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेला असतो. तीन गुंड त्याच्या घरात घुसतात, बायको मरते, मुलगी कायमची मिटून जाते. पुढे कर्सी मोज्यात नाण्यांची गुंडाळी घालून त्याचा सोटा करतो, मग ॲरिझोनात कामासाठी गेलेला असताना तिथला एक गिऱ्हाईक त्याला रिव्हॉल्व्हर भेट देतो, आणि पहिला माणूस मारल्यावर घरी येऊन त्याला ओकारी होते. इथवर आपण ‘आता हा त्या तिघांना शोधणार’ म्हणून सरसावून बसलेलो असतो. पण ते तिघे त्याला अखेरपर्यंत सापडत नाहीत. तो त्यांना धड शोधतही नाही. बागेत, भुयारी रेल्वेत, सामसूम गल्लीत जो कुणी सुरा काढून समोर येईल, त्याला तो गोळी घालतो. त्यांतल्या एकानेही कर्सीचं काही वाकडं केलेलं नसतं.

मग हा सूड कुणाचा? मराठीत हा प्रश्न लगेच अडतो. सूड ‘कुणाचा तरी’ घ्यावा लागतो, ‘कशाचा तरी’ घ्यावा लागतो. वडिलांच्या खुनाचा सूड, अपमानाचा सूड, अमक्याचा सूड. गुन्हेगारीचा सूड घेतला, असं वाक्य ऐकलं की कानाला खटकतं. सूडाबरोबर येणारं क्रियापदही पाहण्यासारखं आहे. आपण सूड ‘उगवतो’. हे उगवणं सूर्याचं किंवा बियाण्याचं नव्हे. जुन्या मराठीत उगवणे म्हणजे गुंता सोडवणे आणि येणं वसूल करणे. उगवणी म्हणजे वसुली. सूड उगवणारा माणूस वसुलीला निघालेला असतो, आणि वसुलीला नाव-गाव असलेला देणेकरी लागतो. रस्त्याने जाणाऱ्या कुणाकडूनही वसुली करणाऱ्याला मराठीत वेगळी नावं आहेत.

शेजारच्या शब्दांतही हाच जमाखर्च दिसतो. बदला हा बदल, बदली, मोबदला यांच्याच कुळातला, मूळ अरबी. एकाच्या जागी दुसरं ठेवणं एवढाच त्याचा अर्थ. (मुंबई शेअर बाजारात व्यवहार पुढे ढकलायच्या पद्धतीलाही बदलाच म्हणत, सेबीने २००१ साली ती बंद केली. तिथे रक्तपात व्हायचा तो आकड्यांमध्ये.) प्रतिशोध हिंदीच्या वाटेने आला आणि मराठी कानाला जरा परकाच राहिला, कारण आपल्याकडे शोध म्हणजे शोधणं. संस्कृतात मात्र शोधन म्हणजे फेडणंही, ऋणशोधनातलं. अमरकोशात सूडाला वैरशुद्धी आणि वैरनिर्यातन असे शब्द दिले आहेत; निर्यातन म्हणजे परत करणं. वचपा आता बहुतेक क्रीडापानावर राहायला गेला आहे. उट्टं काढण्यात खुन्नस असते, पण जीव घेण्याइतकी नसते. डूख धरावा तो नागाने.

मला या सगळ्यांत सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो दावा. ‘दावा साधला’ म्हणजे वैर साधलं, सूड घेतला. आणि ‘दावा लावला’ म्हणजे कोर्टात गेला. जुन्या मराठीत दावेदार म्हणजे वैरी, आज म्हणजे हक्क सांगणारा. एकाच शब्दाच्या पोटात कोर्टाची पायरी आहे आणि कोयताही आहे. या चित्रपटांची अख्खी पहिली वीस मिनिटं कोर्टातला दावा फसला हे दाखवण्यात जातात, म्हणजे मग कोयत्याच्या दाव्याला मोकळं रान. साक्षीदार फिरतो, आरोपी मंत्र्याचा मुलगा निघतो, किंवा फौजदार खांदे पाडून म्हणतो, ‘आम्ही प्रयत्न करतोय.’ ही वीस मिनिटं कापली तर नायक आणि खलनायक यांच्यात फरक दाखवणं दिग्दर्शकाला जड जाईल.

खरा सूडपट ओळखायचा असेल तर पाहा की नायकाजवळ यादी आहे का. ती कागदावर असो की मनात, नावं ठरलेली असतात. त्यांची उतरंड असते: आधी हस्तक, मग उजवा हात, मग मालक. खालचं मडकं फोडून वरच्याचा पत्ता काढायचा. २०१४ सालचा ‘जॉन विक’ या साच्यातला आहे. निवृत्त मारेकरी, मरण्यापूर्वी बायकोने त्याच्यासाठी पाठवायची सोय केलेलं कुत्र्याचं पिल्लू, ते मारणारा गुंडांच्या म्होरक्याचा पोरगा. विक घरातली काँक्रीटची जमीन घणाने फोडून पुरलेली हत्यारं बाहेर काढतो, आणि पुढे जे जे होतं ते एका माणसापर्यंत पोचण्यासाठी. गंमत म्हणजे पोरगा चित्रपट संपायच्या बऱ्याच आधी मरतो. मुद्दल वसूल होतं, पण तेवढ्यात पोराचा बाप विकच्या मित्राला मारून नवं खातं उघडतो. या चित्रपटांचे पुढचे भाग निघतात ते याच रीतीने.

‘डेथ विश’च्या पद्धतीच्या चित्रपटाला उतरंड नसते, कारण वर कुणी नसतोच. तिथे रात्रीची गस्त असते. नायक पाकीट दिसेल असं ठेवून, मुद्दाम अंधाऱ्या बाजूने, एकटा चालतो. वर्तमानपत्रांत मथळे झळकू लागतात, लोक खूश होतात, शहरातली लुटालूट कमी होते आणि मग वरिष्ठांना प्रश्न पडतो की याला पकडायचं की नाही. याच्या मागावरचा पोलीस अधिकारी थोडा त्याच्याच बाजूचा असावा लागतो. हा संकेत इतका पक्का की तो पात्र बोलू लागण्यापूर्वीच कळतो. कर्सीलाही पकडून खटला चालवण्याऐवजी शहर सोडून जायला सांगतात. तो शिकागोला उतरतो आणि स्टेशनवर टवाळ पोरांकडे बोटांचं पिस्तूल रोखून हसतो. बायकोच्या खुनाशी त्या हसण्याचा आता काही संबंध उरलेला नसतो. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट काढला तिचे लेखक ब्रायन गारफील्ड याच कारणाने चित्रपटावर नाराज होते. त्यांच्या कादंबरीचा रोख अशा माणसाच्या विरोधात होता, आणि पुढे त्यांनी ते बजावून सांगायला आणखी एक कादंबरी लिहिली.

आता मौज पाहा. १९८२ साली आलेल्या दुसऱ्या भागात कर्सी लॉस एंजेलिसमध्ये आहे, मुलगीही जाते आणि या वेळी तो त्याच टोळीतल्या एकेकाला हुडकून मारतो. २०१८ साली ब्रूस विलिसला घेऊन पहिल्याचीच नवी आवृत्ती निघाली. तिच्यात कर्सी शल्यचिकित्सक झाला आणि घर फोडणारे खरे गुन्हेगार त्याला सापडतात. म्हणजे नाव एक, नायक एक, पण १९७४चा सूडपट नाही आणि २०१८चा आहे. निर्मात्यांनाही बहुधा जाणवलं असावं की देणेकऱ्यावाचूनची वसुली प्रेक्षकाला अर्धपोटी ठेवते.

तर मग १९७४च्या कर्सीला काय म्हणायचं? इंग्रजीने व्हिजिलांटी हा शब्द स्पॅनिशमधून घेतला, तिथे तो पहारेकरी. त्याच्याही मागे लॅटिनमध्ये जागं राहणं आहे. अमेरिकेत तो गाजला सॅन फ्रान्सिस्कोमुळे. सोन्याच्या ओढीने भरून गेलेल्या त्या शहरात १८५१ साली आणि पुन्हा १८५६ साली नागरिकांनी ‘कमिटी ऑफ व्हिजिलन्स’ काढली आणि दोन्ही खेपांना चार-चार जणांना फासावर चढवलं. शब्दशः मराठी केलं तर ती दक्षता समिती. आपल्याकडची दक्षता समिती रेशनच्या दुकानातला गहू पाहते, त्यामुळे हे भाषांतर तिथेच सोडून द्यावं. पण त्यातून एक गोष्ट कळते: मुळात हा प्रकार जमावाचा होता. हजारो सभासद, सभा, ठराव. एकटा, अबोल, लांब कोटातला माणूस हे नंतरचं रूप, आणि ते पक्कं करण्यात चित्रपटांचा वाटा मोठा. डिसेंबर १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका प्रवाशाने चार तरुणांवर गोळ्या झाडल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला हेच विशेषण लावलं, आणि ‘डेथ विश’ची आठवण सगळ्यांना झाली.

मराठीत जागण्यावरून आलेला शब्द तयारच आहे: जागल्या, गावाचा रात्रीचा राखणदार. व्युत्पत्तीने तो व्हिजिलांटीचा सख्खा भाऊ शोभेल. तरी मी तो सुचवणार नाही. एक तर गैरव्यवहार उघडकीला आणणाऱ्या माणसासाठी मराठी वर्तमानपत्रांनी तो आधीच उचलला आहे, आणि छान उचलला आहे. दुसरं म्हणजे जागल्या हाकारा घालतो. शिक्षा देणं त्याचं काम नव्हे. पारिपत्य हा शब्द कृतीला अचूक बसतो, दुष्टांचं पारिपत्यच तर चाललेलं असतं. पण ऐतिहासिक पत्रांत पारिपत्य करतो तो सरकारचा माणूस, हुकूम घेऊन गेलेला. पुंड म्हणावं तर उलटं होतं: त्यात बेकायदा वागणं आहे, न्यायाचा आव नाही. जमावाच्या बाबतीत झुंडबळी हा अलीकडे घडलेला शब्द उत्तम रुजला, पण तो मरणाऱ्याच्या बाजूने पाहतो, मारणाऱ्याला नाव देत नाही. ‘स्वयंघोषित न्यायदाता’ समीक्षेत चालून जातो. गप्पांत कुणी म्हणेल असं वाटत नाही.

माझी पसंती एका साध्या शब्दाला आहे: परस्पर. संस्कृतातला परस्पर म्हणजे एकमेकांना. मराठीने मात्र त्याला स्वतःचा एक अर्थ दिला. ‘त्याने जमीन परस्पर विकून टाकली’, ‘साहेबांना न विचारता परस्पर रजा मंजूर केली’. ज्याचा अधिकार आहे त्याला वगळून, त्याच्या नकळत उरकलेलं काम. कर्सी नेमकं हेच करतो. तो गुन्हेगारांचं परस्पर पारिपत्य करतो. या दोन शब्दांत अधिकाराचा प्रश्नही आला आणि कृतीही आली, आणि ‘कायदा हातात घेऊ नका’ या पोलिसी निवेदनाच्या भाषेतून सुटका झाली. एकाच शब्दाचा आग्रह असेल तर चित्रपट-परीक्षणात सरळ व्हिजिलांटी लिहावं. व्हिलन आणि हिरो पचवलेल्या भाषेला तो जड जाणार नाही.

मराठीत या कसोटीला सर्वांत चांगला उतरणारा चित्रपट म्हणजे निशिकांत कामत यांचा २००५ सालचा ‘डोंबिवली फास्ट’. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे बँकेत नोकरी करतो, रोज लोकलने जातो-येतो, आणि एक दिवस त्याचा ताबा सुटतो. त्याच्या हातात बंदूक नाही, क्रिकेटची बॅट आहे. त्याचं कुणी मेलेलं नाही. त्याच्याजवळ यादी नाही. रांग, लाच, पाण्याचा टँकर, जे समोर येईल त्याच्याशी त्याचं भांडण. त्याला सूडपट म्हणणाऱ्याला माझा एकच प्रश्न आहे: त्यातला देणेकरी दाखवा. पुढे कामत यांनीच माधवनला घेऊन त्याची तमिळ आवृत्ती केली.

दोन्ही शब्द एकाच घटनेला लागू पडतात, असंही होतं. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात, कस्तुरबानगरात वर्षानुवर्षं दहशत माजवणाऱ्या एका गुंडाला जमावाने न्यायकक्षातच ठार केलं. तिथे देणेकरी ठरलेला होता, म्हणून सूड म्हणता येतं. आणि न्यायालयाला न्यायालयातच वगळलेलं होतं, म्हणून परस्परही म्हणता येतं. शब्दांच्या सीमा कुंपणासारख्या नसतात हे मान्य, पण म्हणून त्या नाहीतच असं होत नाही.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. सूड, सूडपट, सूडभावना यांत सू दीर्घ. विभक्तीचा प्रत्यय लागून सामान्यरूप झालं की ऱ्हस्व: सुडाचा, सुडाने, सुडासाठी. दूध–दुधाचा, मूल–मुलाचा यांच्यासारखंच. वर मी दोन ठिकाणी ‘सूडाबरोबर’ आणि ‘सूडाला’ असं दीर्घ लिहिलं आहे, ते चूक शोधणाऱ्यांसाठी मुद्दाम ठेवलं आहे. नियमाने ‘सुडाबरोबर’ आणि ‘सुडाला’ हवं. हा नियम तत्सम शब्दांना लागत नाही. त्यामुळे शूर नायकाच्या बाबतीत शूराचा आणि क्रूर खलनायकाच्या बाबतीत क्रूराचा दीर्घच राहतो.