पशुरोग निदान लॅबला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता हवी आहे, सुरुवात कुठून करू?

इंदूरला रक्त आणि ब्रुसेला (जनावरांत गर्भपात घडवणारा जिवाणू) तपासणारी छोटी लॅब आहे, आयएसओ ९००१ घेतलेलं आहे, एनएबीएलसाठी तेवढं चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. ९००१ कारभाराची घडी बघतं. रिपोर्टातला आकडा बरोबर काढता येतो का, हे आयएसओ १७०२५ (२०१७ची आवृत्ती) बघतं, तुम्हाला तेच लागेल. आयएसओ १५१८९ माणसांच्या पॅथॉलॉजीचं. सल्लागार ९००१चंच मॅन्युअल नाव बदलून देत असेल तर पैसे वाचवा.

स्कोपमध्ये (ज्यांना मान्यता मागायची त्या चाचण्यांच्या यादीत) आधी मोजक्याच चाचण्या टाका, कारण प्रत्येक चाचणी जनावरागणिक सिद्ध करावी लागते. माणसाची तांबडी पेशी ८०–१०० फेम्टोलिटर आकारमानाची, शेळीची जेमतेम १६–२५. माणसांच्या सेटिंगवरचा सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारं यंत्र) त्यातल्या कितीतरी पेशी प्लेटलेटमध्ये धरतो. मांजरात उलटं: प्लेटलेट मोठ्या, त्या तांबड्यांत जाऊन बसतात. यंत्रात ज्या जनावराचं सेटिंगच नाही, ते स्कोपमध्ये घालू नका. एलायझाचंही (किटवर अँटिबॉडी शोधणारी चाचणी) तसंच. गायीसाठी प्रमाणित किट तुमच्या हातात नीट चालतं एवढं पडताळून दाखवलं की भागतं. तेच किट शेळीला लावायचं तर पूर्ण व्हॅलिडेशन, म्हणजे ते शेळीतही बरोबर उत्तर देतं हे मुळापासून सिद्ध करणं, करावं लागेल.

रोझ बेंगालला (ब्रुसेलाची थेंबावरची झटपट चाचणी) २५–३० मायक्रोलिटर सीरम, तेवढंच अँटिजेन, ४ मिनिटं हलवून लगेच वाचन, आणि हे सगळं २२±४ अंशांत. मे महिन्यात इंदूरला एसी बंद पडला की ही अट संपलीच. थेंब कडेने वाळला की खोटा पॉझिटिव्ह दिसतो. त्यामुळे खोलीचं तापमान चाचणीच्या वेळी लिहा, संध्याकाळी आठवून नको.

कॅलिब्रेशन मान्यताप्राप्त लॅबकडूनच करून घ्या. १०० मायक्रोलिटरच्या पिपेटला आयएसओ ८६५५ प्रमाणे ±०.८ मायक्रोलिटरची सूट आहे. पण सर्टिफिकेट आलं की फायलीत जातं, वाचत कोणी नाही! फ्रीजचा थर्मामीटर दीड अंश कमी दाखवतो असं त्यात असेल, तर वहीतले ७ म्हणजे खरे ८.५, म्हणजे फ्रीजच्या २–८ अंशांच्या मर्यादेबाहेर.

अर्जाआधी एक अंतर्गत ऑडिट, एक व्यवस्थापन आढावा आणि प्रावीण्य चाचणीत (बाहेरून आलेला नमुना तपासून तुमचं उत्तर पडताळतात) सहभाग हवा. तो नमुना रोजच्या तंत्रज्ञालाच द्या, सर्वात हुशार माणसाला राखून ठेवू नका.

मान्यता मिळाल्यावर एकाच रिपोर्टात स्कोपबाहेरची चाचणी आली, तर तिच्यापुढे तशी स्पष्ट खूण करा.