पूल पडला, पण का?

प्रश्न : इतिहास-इंजिनिअरिंगच्या गोष्टी सांगणारा माझा छोटा चॅनेल आहे. अमेरिकेतला टाकोमा पूल 1940 मध्ये वाऱ्यात कोसळला, त्याविषयी तीन मिनिटांचा व्हिडिओ केला. ‘अनुनादाने पूल पडला’ म्हणालो, तर लोकांनी चूक काढली. नीट कसं सांगू?

उत्तर : चूक काढणारे बरोबर आहेत. अनुनाद म्हणजे झोपाळ्याला ठरावीक ठेक्यात दिलेले धक्के. 7 नोव्हेंबर 1940 ला वारा ताशी सुमारे 65 किमीने सलग वाहत होता. ठेका वाऱ्याचा नव्हता. आधी पूल नुसता वरखाली हलत होता. मग मध्यावर उत्तरेकडच्या केबलला आवळून धरणारा पट्टा घसरला आणि पूल पिळवटू लागला. प्रत्येक पिळाबरोबर वाऱ्याचा कोन बदले, आणि तो पीळ आणखी वाढे. याला ‘फ्लटर’ म्हणतात.

दोष कुठे होता ते दाखवा : दोन मनोऱ्यांमधला 853 मीटरचा गाळा, रुंदी जेमतेम 12 मीटर, कडेला 2.4 मीटर उंचीचे भरीव गर्डर (तुळया), म्हणजे वारा अडायचा. त्या जागी 1950 ला झालेल्या नव्या पुलाला सुमारे 10 मीटर खोलीचा जाळीदार सांगाडा (ट्रस) दिला, त्यातून वारा आरपार जातो. कागदाची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना ताणून पंख्यासमोर धरा, वीस सेकंदांत मुद्दा पोचतो.

पूल पडतानाची गाजलेली फिल्म वापरताना वेग तपासा. प्रत्यक्षात मिनिटाला 12 पीळ मोजले होते. बऱ्याच प्रतींत 18 दिसतात, कारण चित्रण सेकंदाला 16 चौकटींचं (फ्रेम्सचं) आणि रूपांतर 24 चं. हक्कांचंही बघा, जुनं म्हणजे फुकट नव्हे.

तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द पुरे. चूक पिन केलेल्या कमेंटमध्ये कबूल करा, व्हिडिओ उडवू नका.